मदत हवी आहे: ओपनस्ट्रीटमॅपवरची पाणंद मी पुसली, ती कोणीतरी परत आणली, आता नेमकी दुरुस्ती काय करावी?

कोयनाकाठ

नमस्कार. मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो असून पाटण तालुक्यात राहतो. नोकरीची बहुतेक वर्षे मोटारसायकलवरून वाड्यावस्त्यांवर जनावरांना लशी टोचत हिंडण्यात गेल्यामुळे इथला कोणता रस्ता पावसाळ्यात चालतो आणि कोणता दिवाळीनंतरच मोकळा होतो, हे मला तोंडपाठ आहे. संगणकाचे मात्र तसे नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

गेल्या वर्षी हरतालिकेच्या रात्री साडेदहाच्या सुमारास मुंबईहून गावी येणारी एक मोटार आमच्या वाडीखालच्या पाणंदीत रुतली. आमच्या खोऱ्यात फाट्यापासून पुढे मोबाईलला रेंज नसते, म्हणून त्या मंडळींनी रेंजशिवाय चालणाऱ्या एका ॲपमध्ये आधीच नकाशा उतरवून घेतला होता. त्या ॲपने त्यांना डांबरी रस्त्याच्या फाट्यावर न वळवता दीड किलोमीटर पुढे नेले आणि तिथून पाणंदीत घातले. ट्रॅक्टर आणून, साखळी लावून गाडी बाहेर ओढेपर्यंत बारा वाजून गेले. मागच्या सीटवर पाटावर ठेवलेली गणपतीची मूर्ती एका मुलीने दोन्ही हातांनी धरून ठेवली होती आणि गाडी बाहेर येईपर्यंत ती जागची हलली नाही. दोन वर्षांत अशा चार गाड्या अडकल्या आहेत.

मे महिन्याच्या सुट्टीत आलेल्या पुतण्याने सांगितले की त्या ॲपमधला नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा आहे आणि तो कोणालाही दुरुस्त करता येतो. मी खाते उघडले, ती पाणंद निवडली, पुसून टाकली आणि ‘चुकीचा रस्ता काढला’ असा शेरा लिहिला. चार दिवसांनी कोणा अनोळखी संपादकाने ती परत आणली आणि ‘रस्ता उपग्रहचित्रात स्पष्ट दिसतो, जमिनीवर असलेला रस्ता कृपया पुसू नये’ असे खाली लिहिले. खरे सांगायचे तर मला ते लागले, कारण त्या पाणंदीत पाय मी घातलेला आहे, त्यांनी नव्हे.

गणपती तोंडावर आले आहेत. पाणंद न पुसता तिथून मोटारी जाणार नाहीत असे काय करता येईल? त्या रेषेवर ‘अनक्लासिफाइड’ असे लिहिलेले आहे. म्हणजे तिचे वर्गीकरण अजून कोणी केलेले नाही, असेच ना? पुढे ओढ्यावर फरशी आहे, मोठ्या पावसात तिच्यावरून दोन-तीन तास पाणी जाते, ते कसे दाखवावे? शिवाय पाणंदीचा शेवटचा तुकडा माझ्या चुलतभावाच्या बांधावरून जातो, आणि तो म्हणतो की एकदा नकाशावर आला की उद्या लोक त्याला सरकारी रस्ता म्हणतील. वाड्यांची नावेही बहुतेक ठिकाणी नाहीत किंवा चुकली आहेत. ती मला भरता येतील. सुरुवात कोठून करावी?

बिंदूरेषा

काका, तुमचा राग समजतो, पण त्या अनोळखी संपादकाची बाजू मी घेणार आहे. पाणंद खरोखरच तिथे आहे, तिच्यावरून बैलगाडी, ट्रॅक्टर आणि तुमची मोटारसायकल जाते. ती पुसली तर उद्या पायी किंवा दुचाकीने जाणाऱ्याला नकाशावर वाटच उरणार नाही. जमिनीवर जे आहे ते आणि जसे आहे तसे दाखवायचे, एवढे नकाशाचे काम आहे. मोटारीने कोठून जावे हे ॲप त्या वर्णनावरून ठरवते. म्हणजे चूक रेषेत नसून रेषेच्या वर्णनात आहे.

‘अनक्लासिफाइड’ या शब्दाने नवशिक्यांचा हमखास घोटाळा होतो. हा प्रकल्प २००४ साली स्टीव्ह कोस्ट यांनी ब्रिटनमध्ये सुरू केला, त्यामुळे रस्त्यांची प्रतवारीही तिथल्या वळणाची आहे, आणि त्या प्रतवारीत ‘अनक्लासिफाइड’ म्हणजे गावागावांना जोडणारा सर्वांत कमी महत्त्वाचा, पण वाहनांसाठी असलेला सार्वजनिक रस्ता. कोणीतरी दुरून उपग्रहचित्र पाहून ती रेषा काढली असणार. वरून पाहिले तर उन्हाळ्यातली पाणंद आणि मुरमाचा रस्ता सारखेच दिसतात. तिचा प्रकार बदलून ‘ट्रॅक’, म्हणजे शेतातली कच्ची गाडीवाट, असा करा. त्याखाली पृष्ठभागाचा रकाना असतो, तिथे माती असे निवडा, आणि ‘ट्रॅकटाइप’मध्ये एक ते पाच प्रतींपैकी योग्य ती प्रत द्या. पहिली प्रत म्हणजे पक्का किंवा चांगला दाबून घेतलेला, पाचवी म्हणजे निव्वळ मऊ माती. तुमच्या वर्णनावरून ही पाचवी दिसते. मोटारीचा मार्ग काढणारी बहुतेक साधने ट्रॅक टाळतात किंवा तिथे अगदी कमी वेग धरतात. सुरुवातीच्या काही भागात खडी टाकलेली असेल, तर खडी जिथे संपते त्या बिंदूवर रेषेचे दोन तुकडे करून प्रत्येकाचे वर्णन वेगळे लिहावे. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या ‘आयडी’ या संपादन साधनात तो बिंदू निवडून एक्स ही कळ दाबली की तुकडे होतात.

‘वाहनांना प्रवेश बंद’ असे मात्र लिहू नका. तो रकाना कायदेशीर मनाईसाठी आहे, चिखलासाठी नाही. आपल्याला हवा तसा मार्ग निघावा म्हणून खोटे वर्णन लिहिणे ही या क्षेत्रातली सर्वांत मोठी आणि सर्वांत मोहात पाडणारी चूक आहे.

हे सगळे करण्याआधी एक गोष्ट तपासा, कारण मला खरा संशय तिथे आहे. डांबरी रस्ता नकाशावर असताना ॲपने तो सोडून पाणंद का धरली? फाट्यावर शक्य तितके जवळ जाऊन पाहा. डांबरी रस्त्याची रेषा मुख्य रस्त्याला टेकल्यासारखी दिसत असेल, पण दोन्ही रेषांना एक सामाईक बिंदू नसेल तर ॲपच्या लेखी तिथे फाटाच नाही. टोकाचा बिंदू किंचित ओढून बघा. एकच रेषा हलली आणि दुसरी जागेवर राहिली, तर जोड तुटलेला आहे. मग तो बिंदू मुख्य रस्त्यावर नेऊन सोडला की जोड होतो.

फरशीसाठी साधा पूल निवडू नये. पुलाच्या रकान्यात ‘लो वॉटर क्रॉसिंग’ असे मूल्य भरता येते, आणि ‘फ्लड प्रोन’ या टॅगपुढे, म्हणजे वर्णनाच्या रकान्यापुढे, ‘येस’ लिहिता येते. आज पाणी आहे म्हणून आज रस्ता बंद, असे या नकाशावर लिहायचे नसते. दोन तासांत पाणी उतरते आणि तुमचा शेरा लोकांच्या फोनमध्ये महिनाभर राहतो.

चुलतभावांना सांगा की नकाशावरच्या रेषेने वहिवाटीचा हक्क मिळत नाही आणि जातही नाही; तो विषय तहसीलदारांकडचा आहे. त्यांच्या बांधावरून लोकांना जाऊ देत नसतील, तर तेवढ्या तुकड्यावर ‘प्रायव्हेट’ लिहावे, पण जाऊ देत असतील तर तसे लिहू नये.

वाडीवस्ती

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे. मी फक्त नावांविषयी लिहिते, कारण काकांचे खरे भांडवल ते आहे. रस्ता उपग्रहचित्रावरून पुण्यात बसूनही काढता येतो. वाडीचे नाव मात्र वाडीतल्या माणसालाच विचारावे लागते.

वाडीसाठी ‘हॅम्लेट’ हा प्रकार घ्यावा. भारतात नावाच्या मुख्य रकान्यात बहुतेक ठिकाणी रोमन लिपीतले नाव आढळते. ते न काढता मराठी नाव स्वतंत्र रकान्यात, मराठी ही भाषा निवडून, देवनागरीत लिहावे. रोमन लिपीतून उलटे मराठी करण्याच्या फंदात पडू नये, कारण त्यातून वडगावचे वाडगाव आणि टोळेवाडीचे तोलेवाडी होते, आणि ते एकदा पसरले की सगळीकडे तसेच दिसू लागते. एकाच वाडीला दोन नावे असतील तर दुसऱ्यासाठी पर्यायी नावाचा रकाना आहे. ग्रामपंचायतीचा फलक, शाळेच्या भिंतीवरचे नाव, एसटी थांब्यावरची पाटी हे सगळे स्वतः पाहून लिहिलेले चालते. दुसऱ्या कोणत्याही ऑनलाइन नकाशावर पाहून नाव किंवा रेषा उतरवणे मात्र चालत नाही. ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा २०१२ पासून ‘ओपन डेटाबेस लायसन्स’ या परवान्याखाली सर्वांना खुला आहे, आणि परवानगीशिवाय आणलेला मजकूर त्यात मिसळला तर तो सगळा शोधून काढून टाकावा लागतो.

एक नाजूक मुद्दा. काही वस्त्यांची जुनी नावे जातिवाचक आहेत. २०२० च्या डिसेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने अशी नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तरी बोलण्यात ती टिकून आहेत. जुन्या नावासाठीही नकाशात रकाना आहे हे खरे, पण माझ्या मते तिथेही ती लिहू नयेत. नवा फलक लागला असेल तर तेच नाव लिहावे, आणि नसेल तर त्या वस्तीतल्या लोकांना त्यांची वस्ती कोणत्या नावाने ओळखली जावी असे वाटते, ते विचारावे.

अँड्रॉइड फोनवर ‘स्ट्रीटकम्प्लीट’ हे ॲप घ्या. रस्त्याचा पृष्ठभाग कोणता, यांसारखे प्रश्न ते जागेवर विचारते आणि उत्तरे थेट नकाशात भरते, त्यामुळे टॅग पाठ करावे लागत नाहीत.

कोयनाकाठ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. बिंदूरेषा यांचा संशय अगदी खरा निघाला. फाट्यावर जवळ जाऊन पाहिले तेव्हा डांबरी रस्त्याची रेषा मुख्य रस्त्याच्या अलीकडेच संपलेली होती. पडद्यावर मोजले तर अंतर दोन मीटरही भरले नाही. म्हणजे चार गाड्या रुतल्या त्या पाणंदीमुळे नव्हे, तर या दोन मीटरांमुळे, आणि मी पुसायला निघालो होतो पाणंद. बिंदू जोडला, पाणंदीचे दोन तुकडे केले, खडीच्या तुकड्याला दुसरी प्रत आणि पुढच्याला पाचवी प्रत दिली. या वेळी शेऱ्यात काय बदलले आणि ते मला कसे ठाऊक आहे, हे दोन्ही लिहिले. ज्यांनी माझा बदल उलटवला होता, त्यांना त्याच चर्चेत उत्तर लिहून फाट्याचा दोष कळवला. त्यांचे दुसऱ्याच दिवशी सौजन्यपूर्ण उत्तर आले.

आता नवी अडचण. फोनच्या जीपीएसने चाललेल्या वाटेचा माग नोंदवत मी डांबरी रस्त्यावरून वाडीपर्यंत चालत गेलो. तो माग नकाशावर चढवल्यावर रस्त्याच्या रेषेपासून दहा-बारा मीटर डावीकडे, थेट भाताच्या खाचरातून जाताना दिसतो. उपग्रहचित्रातला रस्ता आणि नकाशावरची रेषा मात्र एकमेकांवर बरोबर बसतात. खरे कोणाचे मानावे? सगळे रस्ते डावीकडे सरकवावेत का?

बिंदूरेषा

कृपया काहीही सरकवू नका! डोंगराळ भागात उपग्रहचित्र काही मीटर सरकलेले असू शकते, आणि उभ्या कड्यांच्या आणि दाट झाडीच्या कुशीत फोनचा मागही चुकतो, कारण उपग्रहाचे संकेत कड्यावर आपटून उशिरा पोहोचतात. एका मागावरून निवाडा करता येत नाही. त्याच रस्त्याने जाताना आणि येताना, वेगवेगळ्या दिवशी असे चार-पाच माग घ्या. संपादन साधनात इतरांनी सार्वजनिक केलेले मागही पाहता येतात. ते सगळे एकाच बाजूला, साधारण तेवढ्याच अंतरावर पडले तर चित्र सरकलेले आहे असे समजावे आणि पार्श्वभूमीच्या सेटिंगमध्ये चित्र तेवढे सरकवून मग रेषा दुरुस्त कराव्यात. माग विखुरलेले निघाले तर फोनचा दोष आहे. दहा मीटरांनी वाहनचालकाचे काही बिघडत नाही. जोड मात्र तुटता कामा नये.

आणखी एक सूचना. तुम्ही केलेला बदल ओपनस्ट्रीटमॅपच्या संकेतस्थळावर काही मिनिटांत दिसतो, पण रेंजशिवाय चालणाऱ्या ॲपमध्ये तो आपोआप येत नाही. ॲपवाले नवी नकाशा-फाईल तयार करतात आणि वापरणाऱ्याला ती पुन्हा उतरवून घ्यावी लागते. मुंबईच्या मंडळींना निघण्यापूर्वी नकाशा ताजा करायला सांगा. त्यांच्यापैकी कोणी वेगळ्या कंपनीचे ॲप वापरत असेल, तर तुमचे काम तिथे पोहोचणार नाही. गूगल मॅप्समध्ये दुरुस्ती सुचवण्याची सोय वेगळी आहे, आणि वेझ या वाट दाखवणाऱ्या ॲपचे तर स्वतंत्र संपादक मंडळ आहे; तिथे संपादकांच्या सहा पायऱ्या असतात आणि नव्या माणसाला आपण त्या ॲपसह गाडी चालवली त्याच परिसरात बदल करता येतो.

कोयनाकाठ

माग पाच झाले. चार एकमेकांना धरून आहेत आणि रेषेच्या आसपासच पडतात. पहिला तेवढा खाचरात गेला, तो मी फोन शर्टाच्या खिशात, छत्रीखाली धरून घेतला होता. रेषेला हात लावलेला नाही.

नवी फाईल परवा उतरवता आली. फाट्याच्या अलीकडून वाडीचा मार्ग विचारला तर ॲप डांबरी रस्त्यावर वळवते. वाडीतल्या मुंबईकरांच्या व्हॉट्सॲप गटावर नकाशा ताजा करण्याचा निरोप पाठवला आहे. चुलतभावाने शेवटच्या तुकड्यावर ‘प्रायव्हेट’ लिहायला सांगितले होते, पण त्याच संध्याकाळी त्याच्या बांधावरून तीन घरांची गुरे गेलेली आम्ही दोघांनी ओट्यावर बसून पाहिली, तेव्हा तो विषय त्यानेच सोडला. ताई, वाड्यांची अकरा नावे भरून झाली. दोन ठिकाणी लोकांना विचारायला जायचे आहे.

फरशीचे काम बाकी आहे. गेले सहा दिवस पाऊस धरून आहे आणि फरशी पाण्याखाली असल्यामुळे ती ओढ्याच्या नेमक्या कोणत्या वळणावर सुरू होते, हे उपग्रहचित्रातही झाडीमुळे कळत नाही. पाणी उतरले की जाऊन येतो आणि इथे कळवतो.