माळ्यावर फुलाफुलांच्या कपबश्या सापडल्यात, वापरू का शोकेसला ठेवू? (सोलापूर)

जुळेसोलापूरकरीण

नमस्कार मंडळी. सासरचा कसब्यातला वाडा पाडायचाय म्हणून गेल्या महिन्यात मोकळा केला, तर माळ्यावर एका पत्र्याच्या ट्रंकेत गवतात गुंडाळलेल्या कपबश्या निघाल्या. नऊ कप, अकरा बश्या, एक साखरदाणी आणि एक किटली, पण किटलीचं झाकण गायब. पांढऱ्यावर गुलाबी गुलाब, बारीक हिरवी पानं, काठाला सोनेरी रेघ, ती पण काही ठिकाणी पुसलेली. दोन कपांचे कान गेलेत.

सासूबाई सांगतात की आजेसासरे जुन्या गिरणीत कारकून होते आणि तिथला गोरा साहेब विलायतेला परत जाताना देऊन गेला. खरं खोटं देव जाणे.

आता आमचं किचन म्हणजे पांढरं-करडं मॉड्युलर, सगळं कसं दवाखान्यासारखं दिसतं, आणि मला वाटतंय ह्या कपांनी जरा जीव येईल, आणि खरं सांगायचं तर आता चटकच लागलीय, असलंच अजून काहीतरी गोळा करावं असं वाटतंय पण कुठून घ्यायचं, जुनं कसं ओळखायचं, दुकानदार सांगतो तेवढ्यावर विश्वास ठेवायचा का, काहीच कळत नाही. नवरा म्हणतो काचेच्या कपाटात लाव आणि विषय संपव. आणि सासूबाईंनी कुठंतरी ऐकलंय की ह्यात हाडं असतात, त्यामुळं श्रावणात तर हात लावणार नाही असं सांगून टाकलंय. काय करू?

बशीत_ओतून_पितो

ताई, आधी बशी उपडी करा आणि तळाचा शिक्का वाचा, साहेबाची गोष्ट नंतर. मी गेली बारा-पंधरा वर्षं हे वेड करतोय, गोष्ट ऐकून घेतलेला प्रत्येक माल मला महागात पडलाय. पुण्याच्या जुन्या बाजारात एकानं मला गुलाबाचा मोठा सेट "1920 चा, राणीच्या घराण्यातला" म्हणून विकला. घरी येऊन शिक्का बघितला तर रॉयल अल्बर्ट ह्या इंग्लिश कंपनीचं ओल्ड कंट्री रोझेस. ते डिझाइनच मुळी 1962 ला आलं! बरं ते इतकं खपलं की जगात कुठंही सापडतं, आणि पुढं इंग्लंडातलं काम बंद होऊन इंडोनेशियात सुरू झालं, त्यामुळं शिक्क्यावर देश कुठला लिहिलाय तेही बघायचं. सेट सुंदर आहे, रोज वापरतो, पण पैसे जास्त दिले ते दिलेच.

दुसरं म्हणजे आवाज. कप तळहातावर धरून नखानं टिचकी मारा. टण्ण वाजला तर ठीक. बद्द वाजला तर बहुधा कुठंतरी चीर आहे, डोळ्याला दिसो न दिसो. आपण माठ घेताना करतो तेच की ओ.

हाडाचं म्हणाल तर सासूबाई चुकीचं बोलत नाहीत बरं का. बोन चायना नावाचा जो प्रकार इंग्लंडात 1790 च्या दशकात जोसाया स्पोड नावाच्या कुंभारानं बसवला त्यात जवळजवळ निम्मी जनावराच्या हाडाची राख असते. पण सगळी चिनी माती म्हणजे बोन चायना नव्हे. साधं पोर्सलीन हे केओलिनची पांढरी माती, फेल्डस्पार नावाचा दगड आणि गारगोटी, हे सगळं बाराशे ते चौदाशे डिग्रीला भाजून होतं, त्यात हाडबीड काही नाही. कप उजेडासमोर धरा आणि मागून बोटं फिरवा. दोन्हीत बोटांची सावली दिसते, पण बोन चायना दुधाच्या सायीसारखा उबदार पांढरा आणि पोर्सलीन जरा निळसर-करडं पांढरं. पहिल्यांदा फरक कळणार नाही, दोन्ही शेजारी ठेवून चार वेळा बघितलं की कळतो.

कडकभाकरी_13

ताई वापरा हो, फक्त त्या बशीत शेंगाचटणी तेल घालून कालवू नका, आमच्या बायकोनं केलंय 😂 बशीला बारीक चिरांची जाळी पडलेली होती, तेल आत मुरलं ते मुरलंच, आता बशीवर गुलाब कमी आणि नकाशा जास्त दिसतो

टॉवेलवाला

वरच्या दादांची जाळीवाली बशी बहुतेक पोर्सलीन नसणारच. पोर्सलीन आतून घट्ट असतं, पाणी पीत नाही. पूर्ण अंगभर बारीक फुलं असलेला जो विलायती माल असतो त्याला चिंट्झ म्हणतात, तो बराचसा साध्या मातीचा असतो आणि वरच्या काचेसारख्या चकचकीत थराला जाळी पडली की डाग आत जातो. ऑनलाइन सगळे त्याला बिनधास्त पोर्सलीन म्हणून विकतात.

गंमत म्हणजे चिंट्झ हा शब्द आपलाच, छीट. आपल्याकडची छिटाची कापडं तिकडं गेली, लोक वेडे झाले, मग तसलीच फुलं कपबश्यांवर छापली, आणि आता आपण ती "विंटेज इंग्लिश" म्हणून घेतोय. आमच्या घरात तीन पिढ्या यंत्रमाग आहे त्यामुळं मला ह्याचं फारच हसू येतं.

सातरस्ता_काकू

अगं घे वापरायला. कपाटात ठेवलेले कप धूळ खातात आणि शेवटी कामवालीच्या हातून कपाट पुसतानाच फुटतात, माझा अनुभव आहे. फक्त चार गोष्टी सांभाळ. सोनेरी काठ मायक्रोवेव्हमध्ये घालायचा नाही, ठिणग्या उडतात. तारेची घासणी नाही, डिशवॉशर नाही, लिंबू-व्हिनेगर पण सोन्यावर नको. चहाचे डाग खायचा सोडा ओल्या बोटावर घेऊन हळू चोळले की निघतात. आपलं बोअरचं पाणी जड, कप तसाच वाळू दिला की पांढरे ठिपके बसतात, त्यामुळं धुतल्या धुतल्या पुसायचा. आणि बश्या एकावर एक रचताना मधे फाटक्या टॉवेलचे गोल तुकडे कापून घाल, सोलापुरात टॉवेलला काय तोटा.

अजून एक, जुन्या रंगांत शिसं असू शकतं. बोट फिरवून फूल खडबडीत लागलं तर रंग वरून दिलेला आहे असं समज. फुलं कपाच्या बाहेरून, ओठ लागतो त्या काठापासून लांब असतील तर चहाला धोका कमी, पण बशीच्या आतल्या बाजूला असली फुलं असतील तर त्यात दही, लोणचं, चिंचेचं सार असलं आंबट ठेवू नकोस. बिस्किटं, चिवडा चालेल.

जोड पूर्ण करायच्या नादी लागू नको बाई. मी तीन हरवलेल्या बश्यांसाठी दोन वर्षं घालवली. मग एक दिवस सोडून दिलं आणि आता माझ्याकडं सहा कप सहा तऱ्हेचे आहेत, एक गुलाबाचा, एक जांभळ्या फुलांचा, एक नुसत्या पानांचा. सगळ्यांचा काठ सोनेरी एवढंच सारखं. पाहुणे आपापला कप निवडतात. करड्या किचनमध्ये तर हेच छान दिसतं, सगळं एकसारखं मांडलं की परत हॉटेलच वाटतं.

अशोकचौक

मी गोळा वगैरे करत नाही पण एक सांगावंसं वाटतं. माझ्या आजोबांच्या गावी चहाच्या हॉटेलाबाहेर आमच्या लोकांसाठी वेगळी कपबशी खुंटीला टांगलेली असायची, कान तुटकी, आपणच पिऊन आपणच धुवून परत टांगायची. आजोबांनी सोलापुरात गिरणीत लागल्यावर पहिल्या पगारात फुलांच्या सहा कपबश्या घेतल्या. अजून चार आहेत. कुणीही येऊ दे, चहा त्यातच. आजी फुटतील म्हणून ओरडायची, आजोबा म्हणायचे फुटू दे.

सातरस्ता_काकू

@अशोकचौक आमच्याकडं उलटं होतं, चिनी मातीचे कप सोवळ्यात चालायचे नाहीत म्हणून आजी ते स्वयंपाकघरात येऊच द्यायची नाही, ओसरीवरच्या फडताळात ठेवलेले. आणि "बाहेरच्यांना" त्यात चहा. तेव्हा काही वाटलं नाही, आता वाटतं.

जुळेसोलापूरकरीण

सगळ्यांचे आभार, आणि अशोकचौक दादा तुमचं वाचून थोडा वेळ काही सुचलंच नाही.

शिक्का बघितला! लाल अक्षरात मेड इन ऑक्युपाइड जपान असं लिहिलंय. म्हणजे विलायतेचा नाहीच. सासूबाईंना अजून सांगितलं नाही 😬 टिचकी मारली, सात कप टण्ण, दोन बद्द. उजेडात सावली निळसर दिसते असं मला वाटतंय, नवऱ्याला काहीच वाटत नाही.

बशीत_ओतून_पितो

अहो ताई हे तर विलायतीपेक्षा भारी झालं! महायुद्धानंतर 1945 ते 1952 जपान अमेरिका आणि तिच्या दोस्तांच्या ताब्यात होता, त्यात 1947 पासून बाहेर पाठवायच्या बऱ्याच मालावर हा शिक्का मारायचे. एवढा नेमका काळ सांगणारा शिक्का सगळ्याच कपांना मिळत नाही. ह्याचे नकली शिक्के पण निघालेत, त्यामुळं कापसाला नेलपॉलिश रिमूव्हर लावून शिक्क्याच्या एका कोपऱ्यावर घासा. अस्सल भाजलेला शिक्का हलत नाही, नंतर मारलेला निघून येतो.

आणि साहेबाची गोष्ट लगेच मोडीत काढू नका. गिरण्यांत इंग्लंडातल्या लँकेशायरकडचे मास्तर असायचेच, आणि त्यातले बरेच त्याच सुमाराला परत गेले. त्यानं कपबश्या जपानी घेतल्या असतील, त्याला कुठं शिक्का वाचायचा होता.

बद्द वाजणारे दोन चहाला नको, गरम ओतलं की कधीतरी हातातच सुटतील. कान तुटलेले फेविक्विकनं चिकटवून परत चहाला घेऊ नका, गरम पाण्यानं डिंक सुटतो. त्यात ओवा लावा नाहीतर पेनं ठेवा. अजून घ्यायचं असेल तर आधी आपल्या मंगळवार बाजारात भंगारवाल्यांकडं चक्कर मारा, तिथं सुटे कप मिळाले तर मिळाले. गड्ड्याच्या जत्रेत जे मिळतं ते बहुतेक नवीन असतं, तेही वाईट नाही पण जुन्याच्या भावात घेऊ नका.

जुळेसोलापूरकरीण

रिमूव्हरनं घासलं, शिक्का हलला नाही!! सासूबाईंना सांगितलं जपानचे आहेत आणि बहुतेक हाडाचे नाहीत, तर त्या म्हणाल्या मग एवढे दिवस मला का नाही सांगितलं, आणि काल संध्याकाळी स्वतःच चहा टाकला. साहेब मात्र विलायतेचाच आहे, त्यात बदल नाही.

किटलीला झाकण कुणाकडं सुटं असेल तर सांगा. तोंड साधारण सात सेंटिमीटर. सध्या स्टीलची वाटी उपडी घातलीय, नेमकी बसली.