आता धोका नाही, हे तुमच्या मेंदूला कधी पटले?

माटुंगारोड

मागच्या गुरुवारी संध्याकाळी आमच्या इमारतीमागचा ट्रान्सफॉर्मर मोठा आवाज करून उडाला आणि अख्खा रस्ता अंधारात गेला. मी ओट्यापाशी गवार मोडत होते. दचकले, छाती धडधडली, खिडकीतून डोकावून पाहिले आणि चार-पाच मिनिटांनी मेणबत्तीच्या उजेडात उरलेली गवार मोडायला बसले. जेवणे झाल्यावर माझ्या लक्षात आले की पूर्वी अशा आवाजानंतर माझी सगळी रात्र बसून गेली असती. म्हणून हा धागा काढते आहे.

11 जुलै 2006 रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत 11 मिनिटांत 7 स्फोट झाले. त्यांपैकी एका गाडीत मी होते. स्फोट पहिल्या वर्गाच्या डब्यात झाला आणि मी बायकांच्या डब्यात होते, त्यामुळे अंगाला इजा झाली नाही. उजव्या कानात मात्र काही आठवडे शिट्टी वाजत राहिली. पुढे दीड वर्ष मी लोकलमध्ये पाय ठेवला नाही. त्रास गाडीपुरता राहिला असता तर बसने भागले असते. पण जळलेल्या वायरीचा वास, रॅकवरची काळी बॅग, पावसाळ्यातल्या सहा-साडेसहाचा करडा उजेड, यांपैकी काहीही समोर आले की हात गार पडत. त्या संध्याकाळी जे जे आजूबाजूला होते, ते सगळे माझ्या मेंदूने धोक्याच्या खात्यात जमा करून टाकले होते.

समुपदेशक बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितले की भीती पुसायच्या मागे लागू नका, तिच्या शेजारी दुसरी आठवण तयार करायची आहे. दुपारी अडीच वाजता दादरच्या फलाटावर उभे राहायचे आणि धडधड आपोआप ओसरेपर्यंत जागचे हलायचे नाही. मग माटुंगा रोडपर्यंत एकच स्थानक, मग माहीम. दीड महिन्यात दुपारची गाडी मला जमू लागली. त्या आनंदात एकदा संध्याकाळी सहा वीसला त्याच फलाटावर गेले आणि पहिल्या दिवसासारखे पाय लटपटले. सगळे फुकट गेले, असे वाटून मी घरी येऊन रडले. फुकट काहीच गेले नव्हते. भीती एकदा शिकली की ती सगळीकडे पसरते, पण सुरक्षितता जिथे आणि ज्या वेळी शिकली, तिथेच चिकटून बसते. मला संध्याकाळची गाडी वेगळी शिकावी लागली, पावसातली वेगळी, आणि दुसऱ्याची बॅग शेजारी असलेली तर फारच वेगळी.

तुमच्या मेंदूला हे कसे पटले? किंवा अजून पटत नसेल, तर तेही लिहा.

मिठीकाठी

26 जुलै 2005. आम्ही तेव्हा कलिन्याला तळमजल्यावर राहत होतो. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा सगळ्यांना पाठ आहे, पण आमच्या घरात आठवण आहे ती दाराखालून आत येणाऱ्या पाण्याच्या पहिल्या रेषेची. आम्ही नंतर चौथ्या मजल्यावर राहायला गेलो, तरीही पाऊस वाढला की आई दर पंधरा मिनिटांनी उठून दाराखाली हात लावून पाहायची. पाहिले की तिला बरे वाटायचे आणि आम्हालाही वाटायचे की बघू द्यावे, त्यात काय बिघडते.

डॉक्टरांनी समजावले तेव्हा कळले की त्यातच सगळे बिघडत होते. रात्र सुखरूप गेली की आईचा मेंदू म्हणत असे, मी तपासले म्हणून पाणी आले नाही. चौथ्या मजल्यावर पाणी येतच नाही, हे शिकायची संधी त्याला मिळतच नव्हती. मग पंधराची वीस मिनिटे केली, विसाची चाळीस. सबंध एक पावसाळा त्यात गेला, आणि तो आमच्या घरातला सर्वांत कठीण पावसाळा होता, कारण ती उठू पाहत असताना तिचा हात धरून बसावे लागे.

निवृत्त मोटरमन

मी 31 वर्षे लोकल चालवली. रूळ ओलांडणारा माणूस समोर येतो, आपण ब्रेक लावतो, हॉर्न वाजवतो आणि गाडी तरीही थांबत नाही. हे माझ्या नोकरीत एकाहून जास्त वेळा घडले. त्यांपैकी एक प्रसंग कुर्ला आणि विद्याविहारच्या मध्ये एका खांबापाशी झाला. पुढे तो खांब जवळ आला की माझे खांदे आपोआप वर जात, दिवसातून चार-चार वेळा. कामावर त्याबद्दल कोणी विचारले नाही आणि मीही बोललो नाही. रोज तिथून जाऊन जाऊन वर्षभरात ते बंद झाले. नंतर मुलीच्या लग्नासाठी महिनाभर रजा घेतली, आणि परत आलो त्या पहिल्याच फेरीला खांब दिसताच घाम फुटला. तेव्हा मला वाटले होते की आपल्यातच काहीतरी कमी आहे. हे असे का होते, ते इथे कोणी सांगू शकेल का?

वॉर्ड क्रमांक सात

काका, तुमच्यात काहीही कमी नाही. मी एका रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात सामाजिक कार्यकर्ती आहे आणि हा प्रश्न मला जवळजवळ रोज ऐकू येतो. विझलेली प्रतिक्रिया विश्रांतीनंतर पुन्हा डोके वर काढते, हे रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांनी प्रयोगातल्या त्यांच्या कुत्र्यांमध्येच पाहिले होते. त्यातूनच पुढे असे मानले गेले की मूळ शिकवण पुसली जात नाही, तिच्यावर नवी शिकवण बसते. महिनाभर वापर नसला की नवी थोडी फिकी पडते आणि जुनी वर येते. तुमची दुसऱ्या खेपेची भीती बहुधा पहिल्यापेक्षा लवकर ओसरली असेल, आठवून पाहा.

मेंदूत काय होते, ते थोडक्यात लिहिते. कानशिलाच्या आत खोलवर बदामाच्या आकाराचा अमिग्डला नावाचा भाग असतो. मेंदूशास्त्रज्ञ जोसेफ लेडू यांनी उंदरांवर काम करून दाखवले की आवाजाची वर्दी तिथे दोन वाटांनी पोहोचते. एक वाट आखूड असते, ती नीट पारख न करताच घंटा वाजवते. दुसरी मेंदूच्या बाह्यावरणातून वळसा घालून येते आणि आवाज कसला आहे, ते सांगते. माटुंगारोड ताईंचे दचकणे पहिल्या वाटेचे, आणि पाच मिनिटांनी पुन्हा गवार मोडायला बसणे दुसरीचे. कपाळामागच्या मेंदूचा आतला, खालचा भाग अमिग्डलाला आवरतो, आणि आत्ता आपण कुठे आहोत, कोणत्या प्रसंगात आहोत, याचा हिशेब मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग ठेवतो. दुपारचे शिकलेले संध्याकाळी का चालले नाही, याचे उत्तर त्या हिशेबात आहे.

आघातानंतर बहुतेक माणसे काही आठवड्यांत, महिन्यांत आपोआप सावरतात, हेही सांगायला हवे. महिना उलटूनही झोप, काम आणि घर विस्कटलेलेच असेल, तर मात्र वाट पाहू नये. टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

मुलुंडची ताई

कुलुपात किल्ली फिरण्याचा आवाज. यापेक्षा जास्त लिहीत नाही, ज्यांना कळायचे त्यांना कळेल. मी लेकराला घेऊन माहेरी आले तेव्हा भाऊ रात्री कामावरून येई, लॅचमध्ये किल्ली घाली आणि मी मुलाला घेऊन मोरीत जाऊन उभी राहत असे. एकदा त्याने ते पाहिले. तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून खालच्या जिन्यावरूनच हाक मारू लागला, "ताई, मी येतोय." पंधरा दिवसांत मी मोरीत जायची थांबले.

मिठीकाठी

ताई, भावाला माझा नमस्कार सांगा. पण मनात एक शंका आली. माझ्या आईचे दार तपासणे वाईट आणि तुमच्या भावाची हाक चांगली, असे का? दोन्ही आधारच की.

वॉर्ड क्रमांक सात

शंका रास्त आहे, आणि उत्तर सरळ नाही. हाकेमुळे ताईंना श्वास घ्यायला जागा मिळाली, आणि पहिल्या दिवसांत ती लागतेच; फार भेदरलेल्या मेंदूला सुरक्षितता शिकणे अवघड जाते. पण हाक कायम राहिली, तर मेंदू सुरक्षिततेचे श्रेय हाकेला देतो, दाराला देत नाही. म्हणून काही काळाने ती हाक, ताईंना सांगूनच, हळूहळू कमी करावी लागते.

मुलुंडची ताई

आम्ही तसेच केले, कोणी सांगितले नव्हते तरी. आधी त्याने जिन्याऐवजी दारापाशी येऊन हाक मारायला सुरुवात केली, नंतर फक्त रविवारी हाक न मारता येऊ लागला. रविवार मला फार जड गेले.

डोंगरउतार

सगळ्यांचे वाचले. माझा प्रश्न वेगळा आहे. तुमचा धोका संपला आहे, आमचा संपलेला नाही. जुलै 2021 मध्ये चेंबूर आणि विक्रोळीला दरडी आणि भिंती कोसळून माणसे गेली. आमची वस्ती तशाच उतारावर आहे आणि दर पावसाळ्याआधी घर रिकामे करण्याची नोटीस येते. मी माझ्या मेंदूला सुरक्षित असल्याचे शिकवले, तर ते खोटे शिकवणे होईल.

माटुंगारोड

दादा, तुम्ही म्हणता ते खरे आहे, आणि मी धाग्याला नाव देताना हा विचार केला नव्हता. मला समुपदेशक बाईंनी सगळ्या बॅगा निरुपद्रवी मानायला कधीच सांगितले नाही. बेवारस बॅग दिसली तर मी आजही रेल्वे पोलिसांना सांगते. फरक एवढाच की मालक शेजारी बसलेला असेल, तर आता ती बॅग मला दिसतसुद्धा नाही. तुमच्याकडे असा काही फरक करता येतो का?

डोंगरउतार

थोडाफार येतो. आधी आभाळ भरून आले की आम्ही सगळे जागे असायचो, जून ते सप्टेंबर. हवामान खात्याचा लाल इशारा असला की आता मी बायको-मुलांना घेऊन खालच्या शाळेत झोपायला जातो, त्यात वाद नाही. नारिंगीला म्हातारी आई आणि मुले जातात, आम्ही दोघे आळीपाळीने जागतो. पिवळ्याला घरीच झोपायचे, असे ठरवले आहे. परवा पिवळा होता. मी तीनदा उठून मागच्या भिंतीला हात लावून आलो, पण मुले सकाळपर्यंत झोपली होती.