माणूस म्हणजे यंत्र: देकार्तमुळे की हायड्रामुळे?

कलिना_एमए
मंडळी, कलिनाला (मुंबई विद्यापीठात) सेमिनारसाठी ला मेत्री या फ्रेंच विचारवंताचं ‘माणूस : एक यंत्र’ (१७४७) घेतलंय. नोट्स सगळ्या एकच गाणं गातात: तत्त्वज्ञ देकार्तने प्राण्यांना यंत्र म्हटलं, ला मेत्रीने माणसाला. मग तो मध्येच हायड्राचे, म्हणजे गोड्या पाण्यातल्या त्या चिमुकल्या नळीसारख्या प्राण्याचे, तुकडे कशाला आणतो? आणि वर्गात हायड्रा कापून दाखवता येईल का? वेळ २० मिनिटं.

भिंगवाला
मेख त्या तुकड्यांतच आहे. देकार्तचं यंत्र घड्याळासारखं, आणि अर्धं घड्याळ उरलेलं अर्धं स्वतः घडवत नाही. १७४० च्या नोव्हेंबरात हेगजवळ आब्राहाम त्रांबले या निसर्ग-अभ्यासकाने हायड्रा आडवा कापला, तो वनस्पती की प्राणी एवढंच ठरवायला. दोन्ही तुकडे जगले तर वनस्पती, असा हिशेब. जगले दोन्ही, पण बुडाकडच्या तुकड्याला हात (तोंडाभोवतीचे शिकार पकडणारे तंतू) फुटले नि तो शिकार गिळू लागला! आत्मा जर अविभाज्य, तर कात्रीने दोन कसे झाले? त्रांबले त्या वादात पडला नाही. ला मेत्री पेशाने डॉक्टर. त्याने बेडकाचं काढून ठेवलेलं, तरी धडधडणारं हृदय शेजारी मांडलं आणि म्हटलं, हे सगळं शरीराच्या रचनेतूनच होतं.

शंकासुर
शरीरक्रियाशास्त्रज्ञ हालरला वगळू नका. पुस्तक खोडसाळपणे त्यालाच अर्पण केलंय. तो पक्का श्रद्धाळू, भडकला. १७५२ मध्ये त्याने प्रयोगांतून मांडलं की शरीरापासून तोडलेला स्नायूही टोचल्यावर आकसतो, वेदना मात्र मज्जातंतूंमुळे. निरीक्षणं तीच, निष्कर्ष उलटे. ‘विज्ञानाने जडवाद (आत्मा नाही, सगळं जड पदार्थच) सिद्ध केला’ असं बोललात की परीक्षक तिथेच धरतील.
त्याच काळातल्या मोपर्तुई या शास्त्रज्ञाने अभ्यासलेलं बर्लिनचं रूहे कुटुंबही घ्या. सहावं बोट आईकडूनही आलं, बापाकडूनही. तयार बाळ आधीच अंड्यात किंवा शुक्राणूत बसलेलं असतं, तर एकाच बाजूने आलं असतं.

टाकीतला
२० मिनिटांत काही उगवत नाही. सेमिनार शुक्रवारी असेल तर सोमवारी, बुधवारी आणि गुरुवारी एकेक कापा, म्हणजे तिन्ही टप्पे शेजारी दिसतील. हात फुटायला दोन-तीन दिवस लागतात.
क्रॉफर्ड मार्केटच्या मासेवाल्यांकडून पाणवनस्पती आणा, त्यांच्याच पाण्यासकट काचेच्या बरणीत खिडकीशी ठेवा. हायड्रा असले तर काचेला चिकटतात. नळाचं पाणी थेट ओतू नका, क्लोरीनने मरतात. तांब्याचं भांडंही नको. खाऊ म्हणून आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जीवाची) पिल्लं, पण कापायच्या आधी २४ तास उपाशी. ब्लेड नवं हवं. बोथट पात्याने अंग चिरडतं. पाणी ३० अंशांच्या वर गेलं की ते आक्रसतात, म्हणून मे महिन्यात नादच सोडा.
कापायचं धडाच्या मधोमध. नुसता हात तोडलात तर त्यातून हायड्रा होत नाही.

कलिना_एमए
मग ला मेत्री म्हणतो ते जितके तुकडे तितके प्राणी?

टाकीतला
तिथे त्याने जरा हात सैल सोडलाय. तो हातही त्याच बशीत ठेवा, वर्गाला दिसू द्या.