युद्धकैद्यांच्या छावणीतून सुटकेचा नवा गेम येतोय, आगाऊ पैसे भरू का?

गोदाकाठ

मंडळी, परवा एका नव्या गेमचा ट्रेलर बघितला. दुसरं महायुद्ध, जर्मनांची युद्धकैदी छावणी, तिथून पळून जायचं. नाव मुद्दाम देत नाही, जाहिरात व्हायला नको. पण तेव्हापासून तोच डोक्यात आहे. सकाळी वाटतं भरून टाकावेत पैसे, रात्री वाटतं थांबावं.

हा प्रकार माझ्या फार जिव्हाळ्याचा. २००२ साली ‘प्रिझनर ऑफ वॉर’ नावाचा गेम आला होता. मी तेव्हा अकरावीत, नाशिकला. दादाच्या कॉम्प्युटरवर आम्ही दोघं खेळायचो. हातात शस्त्र नाही. हजेरी, जेवण, झोप, सगळं छावणीच्या वेळापत्रकाने, आणि त्यातून मिळेल त्या फटीत आपला उद्योग. मी की-बोर्डवर आणि दादा शेजारी दोनशे पानी वही घेऊन: ‘मागचा मनोरा, दिवा डावीकडे, बारा मोजेपर्यंत अंधार.’ अशी पानंच्या पानं भरली होती. आई म्हणायची, एवढा अभ्यास केला असतास तर!

आता मी नोकरीनिमित्त पोलंडमध्ये, व्रोत्सवाफला आहे. इथून दीडशेएक किलोमीटरवर झागान आहे, तेव्हाचं जर्मन सागान. स्टालाग लुफ्ट ३ ही वैमानिकांची छावणी तिथेच होती. गेल्या शरदात एकटीच गेले. पाइनचं जंगल, माणूस नाही. कैद्यांनी पळून जाण्यासाठी खणलेला ‘हॅरी’ नावाचा बोगदा जिथून गेला ती रेघ जमिनीवर दगडांनी आखलेली आहे. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. शंभरेक मीटर. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. शेवटाला उभं राहून बुटाच्या टाचेने माती उकरली. वर करडा धुरळा, आणि चार बोटं खाली लख्ख पिवळी वाळू.

त्या पिवळ्या वाळूपाशीच मला सगळी गोष्ट कळली. बोगदा खणणं एक वेळ जमेल, पण निघालेली वाळू ठेवायची कुठे? करड्या अंगणात मूठभर पिवळी वाळू सांडली तरी पहारेकऱ्याला दिसणार. म्हणून लांब अंतर्वस्त्रांच्या पायांच्या पिशव्या शिवल्या, त्या विजारीच्या आत सोडल्या, खाली टाचणी आणि खिशात दोरी. चालता चालता दोरी ओढायची आणि पायाने वाळू मातीत मिसळायची. त्या चालीमुळे या लोकांना ‘पेंग्विन’ म्हणत. बर्फ पडल्यावर तेही बंद झालं, मग छावणीच्या नाट्यगृहात खुर्च्यांखाली वाळू भरली. आत तर नऊ मीटर खोल, जेमतेम दोन फूट रुंद-उंच भोक, आणि ते ढासळू नये म्हणून पलंगांच्या फळ्या. चार हजारांच्या आसपास फळ्या गेल्या. म्हणजे प्रत्येक जण रात्री थोड्या कमी फळ्यांवर झोपत होता. हवेसाठी दुधाच्या भुकटीचे रिकामे डबे एकाला एक जोडून नळी केलेली. शेकडो माणसं राबली, आणि त्यातल्या बहुतेकांना ठाऊक होतं की आपला नंबर लागणार नाही.

आणि ट्रेलरमध्ये काय? पाऊस, कुत्रे, तार कापणारा एक हात आणि शेवटी नायक पहारेकऱ्याची बंदूक हिसकावतो. तिथे मन खट्टू झालं. पण मध्ये दोन सेकंद एक दृश्य आहे: बराकीत एक माणूस पलंगाची फळी उचलून बघतो आणि परत ठेवतो. त्या दोन सेकंदांसाठी जीव अडकलाय. गेल्या वर्षी एका कंपनीने असंच दाखवून माझ्याकडून आगाऊ पैसे घेतले आणि हातात आल्या चार खोल्या आणि एक दार. ते दुखणं ताजं आहे. काय करू?

पिक्सेलपाटी

ताई, मी पुण्यात गेम बनवण्याच्याच धंद्यात आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. पैसे भरू नका. ट्रेलरवरून फार तर कलाकारांचा हात कळतो, गेमचा स्वभाव कळत नाही. छावणीचा एक अख्खा दिवस, उठल्यापासून दिवे मालवेपर्यंत, न कापता दाखवला तरच विश्वास ठेवा.

तुम्ही म्हणता ती वाळू दाखवणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. अवघड आहे ते कंटाळा सांभाळणं. छावणीचा आत्माच कंटाळा, आणि बनवणाऱ्यांना त्याचीच सगळ्यात जास्त भीती. म्हणून बंदूक येते. यावर मला माहीत असलेला सगळ्यात सुंदर तोडगा १९८६ सालचा आहे. स्पेक्ट्रम या त्या काळच्या घरगुती कॉम्प्युटरवर ‘द ग्रेट एस्केप’ नावाचा गेम होता. त्यात तुम्ही हात बाजूला घेतलात की कैदी आपला आपण हजेरीला जायचा, जेवायला जायचा, झोपायचा. बाजूला मनोधैर्याचा झेंडा, तो हळूहळू खाली यायचा. म्हणजे काहीच केलं नाही तरी दिवस सरतोय आणि माणूस आतून खचतोय. एवढ्याशा मेमरीत त्यांनी कैद दाखवली. आजचे लोक पाऊस दाखवतात.

रात्रपाळी

माझा प्रश्न वेगळा आहे. २४ मार्च १९४४ च्या रात्री त्या बोगद्यातून ७६ जण बाहेर पडले. तिघे घरी पोचले. ७३ पकडले गेले आणि त्यातल्या ५० जणांना हिटलरच्या हुकमाने गोळ्या घातल्या. यावर गेम करून ‘तुम्ही जिंकलात’ असं लिहायचं? मला हे पटत नाही. तुमच्या दगडी रेघेवर त्यांची नावं कोरलेली असतील ना?

गोदाकाठ

हो, आहेत. मी वाचत वाचत चालले. वर दोन मिनिटं लिहिलंय ते थांबणं सोडून. तुमचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. पण मला तिथे घेऊन गेला तो गेमच. अकरावीच्या इतिहासाच्या पुस्तकात या लोकांबद्दल एक ओळ नव्हती. मला गेममध्ये हवी आहे ती हीच गोष्ट: त्या रात्री बोगद्याचं तोंड झाडीच्या अलीकडेच निघालं, उघड्यावर. मनोरा जवळ. दोनशे जण जायचे होते, एकेकाला दोरीचा इशारा देऊन बाहेर काढावं लागलं. गेमने मला त्या रांगेतला शंभरावा माणूस करावं. सगळं वर्ष राबायचं, कागद तयार, कपडे शिवलेले, आणि पहाटे बेत फुटल्याची पहारेकऱ्याची शिट्टी ऐकायची. ‘जिंकलात’ वगैरे पाटी नकोच. असं कोणी केलं तर मी दुप्पट पैसे देईन.

निवृत्तएअरमन

मुली, मी गेम खेळत नाही. नातू हे वाचत होता म्हणून कळलं. मी हवाई दलात तंत्रज्ञ होतो, म्हणून आपल्या माणसाची आठवण द्यायला लिहितो. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुळकर. ७१ च्या युद्धात त्यांचं सुखोई विमान पडलं आणि ते रावळपिंडीच्या छावणीत गेले. ऑगस्ट १९७२ मध्ये वादळी रात्री भिंतीला पाडलेल्या भोकातून ते, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी असे तिघे बाहेर पडले. युद्ध संपून आठ महिने झाले होते, तरीही. बसने पेशावर, तिथून लंडी कोतल. अफगाण सरहद्द हाकेच्या अंतरावर. तिथे त्यांनी लंडी खानाची वाट विचारली. नकाशात ते रेल्वेचं स्टेशन होतं, पण तिथली गाडी कित्येक वर्षांपूर्वीच बंद पडलेली. वाट विचारणाऱ्याला हे ठाऊक नाही म्हणजे हा इथला नाही, असा संशय आला आणि पकडले गेले. भिंत फोडली, छावणीबाहेर पडले, आणि अडकले एका गावाच्या नावापाशी. तुमच्या गेममध्ये बंदूक आहे म्हणतेस, तिथे बंदुकीचा काय उपयोग होता?

पानगळ

काकांच्या मुद्द्याला जोडून. त्या ट्रेलरमध्ये एक तरी भारतीय चेहरा आहे का? जर्मनीतल्या कोल्डिट्झच्या किल्ल्यात, तीही युद्धकैद्यांची छावणीच, कॅप्टन बिरेंद्रनाथ मजुमदार नावाचे भारतीय डॉक्टर होते. रंगामुळे बाहेर लगेच ओळखू येशील, म्हणून त्यांना पळायच्या बेतांत घेतलं जात नव्हतं. त्यांनी उपोषण करून भारतीयांच्या छावणीत बदली मिळवली आणि शेवटी फ्रान्समधून पळून स्वित्झर्लंड गाठलं. मे १९४४ मध्ये फ्रान्समधल्या एपिनालच्या छावणीवर अमेरिकन बॉम्ब पडले, तेव्हा तर पाचशेच्या आसपास भारतीय सैनिक स्वित्झर्लंडला पोचले. सागानहून किती तरी मोठी सुटका, पण गेम कायम त्या एकाच बोगद्याचा.

गोदाकाठ

पानगळ, नाही, एकही नाही. आज पुन्हा एकेक चौकट थांबवून बघितलं.

पैसे भरत नाहीये. बनवणाऱ्यांना पत्र लिहिलंय, त्यात एवढंच विचारलं की तुमच्या गेममध्ये वाळू कुठे जाते. उत्तर आलं की इथे टाकते. दादाला हा धागा पाठवला, तर तो म्हणतो ती वही अजून माळ्यावर आहे.

काका, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. एक विचारू का? भिंतीतून काढलेलं प्लास्टर आणि विटांचा चुरा त्यांनी खोलीत कुठे लपवला होता? तुमच्या कानावर काही आलं असेल तर नक्की लिहा.