एका रक्तनमुन्यात अनेक कर्करोग: सोसायटीने हे शिबिर घ्यावे का?

गोरेगावकर (धागाकर्ता):
आमच्या सूचनाफलकावर एका खासगी प्रयोगशाळेचे पत्रक लागले आहे. रक्ताच्या एकाच नमुन्यातून अनेक कर्करोगांची तपासणी होईल असे त्यात म्हटले असून, निम्मा खर्च सोसायटीने द्यावा असे कार्यकारिणीला वाटते. माझा विरोध आहे. पत्रकातील यादीत असलेले सीए-१२५ हे कर्करोगाची खूण (मार्कर) मानले जाणारे रक्तातील द्रव्य पोटाच्या क्षयातही, इतकेच काय पाळीच्या दिवसांतही, वाढलेले दिसू शकते. त्यावर आधारलेला ब्रिटनमधील २ लाखांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासाचे अंतिम निष्कर्ष २०२१ मध्ये आले, तेव्हा अंडाशयाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. याउलट परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधील सुमारे दीड लाख स्त्रियांचा जो अभ्यास केला, त्यात दहावीपर्यंत शिकलेल्या प्रशिक्षित सेविकांनी केलेल्या साध्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्याच सेविकांनी हाताने केलेल्या स्तनतपासणीचा लाभ मात्र पन्नाशीपुढच्या स्त्रियांनाच स्पष्टपणे झाला. तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तिन्हींची, बॅटरीच्या उजेडात डोळ्यांनी आणि हातांनी होणारी तपासणी एकाच दिवशी आमच्या सभागृहात होऊ शकते.

अंधेरीकर:
माझ्या सासऱ्यांचा स्वादुपिंडाचा कर्करोग डोळे पिवळे झाल्यावर कळला आणि तोवर शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती. तुमच्या बॅटरीच्या उजेडात स्वादुपिंड दिसते का? गाठीतून रक्तात उतरणारे डीएनएचे तुकडे आणि त्यांवरील रासायनिक खुणा वाचणाऱ्या नव्या चाचण्यांना जुन्या मार्करांच्या रांगेत बसवणे हा अन्याय आहे.

गोरेगावकर:
भेद मान्य, परंतु पत्रकात ती नवी चाचणी नाहीच. आहेत ते जुनेच मार्कर. नव्या चाचणीचेही पाहा: अमेरिकेत पन्नाशीपुढच्या ६,६२१ जणांत ९२ जणांना इशारा मिळाला, त्यांपैकी ३५ जणांना कर्करोग निघाला. उरलेल्या ५७ जणांनी स्कॅनच्या रांगेत घालवलेल्या आठवड्यांचा हिशेब कोण मांडणार?

अंधेरीकर:
आणि त्या ३५ जणांचा?

निवृत्त आरोग्यसेविका, भांडुप:
दोघांनीही ज्या कामावर मते दिली आहेत, ते मी अनेक वर्षे केले. गर्भाशयमुखाला पातळ ॲसिटिक आम्लाचा बोळा लावून मिनिटभर थांबायचे. बिघडलेल्या पेशींचा भाग दुधाच्या सायीसारखा पांढरा दिसू लागतो. तोंड तपासताना गाल बाहेर ओढून, जीभ उचलून खालची बाजू पाहायची, कारण तंबाखूची गोळी जिथे मुरते तिथेच चट्टा उठतो. अवघड काम त्यानंतरचे. पांढरा डाग दिसलेल्या एका बाईंना परळची चिठ्ठी दिली, तर म्हणाल्या, “गणपती होऊ दे, मग जाते.” त्या दिवाळीनंतर गेल्या, तेही मी सोबत गेले म्हणून.

श्री. गोरेगावकर, पडद्यामागे जायचे आहे असे कळले की निम्म्या बायका घरी परततात, पण रक्त द्यायला सगळ्या येतात, हेही लक्षात घ्या. साखर आणि रक्तदाबाची तपासणी ठेवून लोकांना बोलवा, मग पुढचे सांगा.

अंधेरीकर:
हे पटले. माझी रक्तचाचणी मी स्वतःच्या पैशाने करीनच. सोसायटीचे पैसे मात्र ताईंच्या शिबिराला जाऊ देत.

गोरेगावकर:
पत्रकाविरुद्धचे माझे पत्र तयार आहे. त्यात आता एक ओळ वाढवतो: चिठ्ठी मिळालेल्या प्रत्येकासोबत परळला कोण जाणार, त्याचे नाव शिबिराआधीच लिहून घ्यावे.