प्रागमध्ये गर्दीबाहेरचे काय पाहावे? आम्हा दोघांसाठी मार्गदर्शन हवे

संत्राबाग (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आम्ही मोर्शी तालुक्यात, रिद्धपूरजवळच्या एका खेड्यात राहतो. यजमान संत्र्याची बाग सांभाळतात आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले आहे. मुलगी प्राग येथे नोकरी करते. येत्या मे महिन्यात आम्ही तिच्याकडे जात आहोत आणि मृग लागण्याच्या आत परतणार आहोत. चार्ल्स पूल, चौकातले खगोलीय घड्याळ आणि किल्ला ही ठिकाणे ती सुटीच्या दिवशी दाखवणार आहेच; परंतु सोमवार ते शुक्रवार ती कार्यालयात असताना आम्हा दोघांनाच हिंडायचे आहे, आणि त्या दिवसांत पर्यटकांच्या रांगेत उभे राहण्याऐवजी त्या शहराचे कमी परिचित भाग पाहावेत असे वाटते. यजमानांना राजवाड्यांपेक्षा भिंत कोणी बांधली, पाणी कोठून आणले आणि झाडे कोणती लावली यांत अधिक रस आहे. मला इतिहासाची आवड आहे. यजमानांच्या गुडघ्यांमुळे चढण मात्र टाळावी लागेल. कोठून सुरुवात करावी?

वर्धाकाठ

ताई, शिक्षणाच्या निमित्ताने मी काही काळ तेथे राहिलो आहे. आपल्या यजमानांची आवड वाचून मला पहिल्यांदा ‘भुकेची भिंत’ आठवली. पेत्रझिन टेकडीवरची ही तटबंदी सम्राट चौथा चार्ल्स याने १३६० ते १३६२ या काळात बांधून घेतली. दुष्काळाने गांजलेल्या लोकांच्या हाताला काम आणि पोटाला अन्न मिळावे म्हणून हे बांधकाम काढले, अशी तेथील परंपरागत समजूत आहे. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याची आणि पाझर तलावांची कामे निघाली, ती ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ही कथा लगेच पटते. मात्र काम सुरू झाले १३६० मध्ये आणि मोठा दुष्काळ पडला त्यानंतर, १३६१ मध्ये; त्यामुळे मूळ हेतू शहराच्या संरक्षणाचा असावा आणि उपाशी माणसांना मजुरी मिळाली ती त्या ओघात, असे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते. भिंतीचा किलोमीटरभराहून अधिक भाग आजही उभा आहे आणि तिच्या आसपासच्या उतारांवर सफरचंद, नासपती व चेरीच्या जुन्या बागा आहेत. राजधानीच्या मध्यभागी फळबाग कशी राखली आहे, हे बागाईतदाराने अवश्य पाहावे.

चढण टाळायची असेल तर खालून सुरुवात करू नका. २२ क्रमांकाच्या ट्रामने थेट वर पोहोर्झेलेत्स थांब्यावर उतरा, स्त्राहोव्ह मठाच्या आवारातून टेकडीच्या माथ्यावर जा आणि मग सावकाश पायथ्याच्या उयेझ्द भागाच्या दिशेने उतरा. ही ट्राम पर्यटकांची आवडती असल्यामुळे तीत खिसेकापूंचा त्रास होतो. पाकीट आतल्या खिशात ठेवावे.

त्याच थांब्याजवळ ‘नोव्ही स्व्येत’ नावाची शांत, वळणावळणाची गल्ली आहे. किल्ला जवळ असूनही तेथे फारसे कोणी फिरकत नाही. सम्राट दुसरा रुडॉल्फ याच्या बोलावण्यावरून १५९९ मध्ये प्रागला आलेला खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे काही काळ याच गल्लीत राहत होता. १६०० मध्ये केप्लर त्याच्याकडे आला, पुढच्याच वर्षी टायको वारला, आणि त्याच्या निरीक्षणांच्या आधारे केप्लरने ग्रहगतीचे पहिले दोन नियम १६०९ मध्ये प्रसिद्ध केले. शाळेत हे नियम शिकवलेल्या व्यक्तीला ती बुटकी घरे नुसती सुंदर वाटून थांबणार नाहीत.

निवृत्त उपअभियंता, यवतमाळ

पाण्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. बुबेनेच भागात शहराचे जुने सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे. विल्यम लिंडले या अभियंत्याच्या आराखड्यानुसार ते १९०१ ते १९०६ या काळात बांधले गेले आणि १९६७ पर्यंत चालू होते. आता ते वस्तुसंग्रहालय आहे. विटांच्या प्रचंड कमानींची भुयारे, वाळू खाली बसवण्याचे कक्ष, गाळाच्या टाक्या आणि वाफेची मूळ इंजिने हे सर्व जागच्या जागी आहे; काही ठरावीक दिवशी ती इंजिने प्रत्यक्ष चालवूनही दाखवतात. पंप आणि गाळ यांच्याशी नोकरीभर झुंजलेल्या माझ्यासारख्याला तेथील विटांच्या बांधकामापुढे किल्ला फिका वाटला. भेट मार्गदर्शकाबरोबरच होते, त्यामुळे वेळा आधी पाहून ठेवा आणि मुलीला नोंदणी करायला सांगा. पोद्बाबा रेल्वे थांब्यापासून चालत जाता येते. भुयारात गारवा असतो. मे महिना असला तरी स्वेटर न्यावा.

बेंबळाकाठ

वरील सूचना चांगल्या आहेत, परंतु अपरिचित ठिकाणांसाठी दूरच गेले पाहिजे हे मला मान्य नाही. चार्ल्स पुलापासून अवघ्या काही मिनिटांवर बेथलेहेम चौक आहे आणि पुलाकडे निघालेली गर्दी त्याला वळसा घालून निघून जाते. तेथील चॅपेलमध्ये धर्मसुधारक यान हुस १४०२ पासून लोकांच्या चेक भाषेत प्रवचने देत असे. १४१५ मध्ये त्याला पाखंडी ठरवून कॉन्स्टन्स येथे जिवंत जाळण्यात आले. मराठीत ग्रंथरचना करणाऱ्या महानुभावांच्या रिद्धपूरच्या परिसरातून आलेल्या माणसाला लोकभाषेच्या आग्रहाची किंमत वेगळी सांगायला नको. सध्याची वास्तू मात्र १९५० च्या दशकात पुन्हा उभारलेली आहे, मूळची नव्हे. त्याच चौकात नाप्रस्टेक संग्रहालय आहे. अमेरिकेहून परतलेल्या व्होय्ता नाप्रस्टेक याने घरच्या मद्यनिर्मितीच्या इमारतीत ते सुरू केले आणि १८६५ मध्ये तेथेच स्त्रियांसाठी व्याख्याने व ग्रंथालय चालवणारे मंडळ स्थापन झाले. शिक्षिकेला हे ठिकाण आवडेल.

चार्ल्स पुलावरचे बरेच पुतळे प्रतिकृती आहेत. काही मूळ पुतळे विशेह्राद गडाच्या तटाखालील गोर्लित्से नावाच्या दालनात ठेवले आहेत. विशेह्रादला मेट्रोने जाता येते आणि स्थानकापासून गडापर्यंतची वाट जवळपास सपाट आहे, त्यामुळे यजमानांची अडचण होणार नाही. तटावरून व्ल्टावा नदीचे पात्र दिसते, अकराव्या शतकातले गोल चर्च आहे, आणि स्मशानभूमीत ड्वोर्झाक व स्मेताना या संगीतकारांच्या समाध्या आहेत. माझे मत विचाराल तर किल्ल्यापेक्षा हाच गड अधिक निवांत आणि अधिक रसाळ आहे.

संत्राबाग

सर्वांचे मनापासून आभार. सांडपाण्याचे केंद्र वाचून यजमान मुख्य किल्ला वगळायलाही तयार झाले आहेत. दोन शंका उरतात: दगडी फरसबंदीवर चपला चालतील का, आणि शाकाहारी माणसाने जेवणाचे काय करावे?

वर्धाकाठ

चपला नकोत; तेथील रस्ते लहान दगडी ठोकळ्यांचे असून उतारावर, विशेषतः पावसात, घसरतात. जाड तळव्याचे, आधी वापरून सैल झालेले बूट घ्यावेत. (गावोगावी ज्या बाटाचे दुकान आपण पाहत आलो, ती कंपनी १८९४ मध्ये याच देशातल्या झ्लिन गावी सुरू झाली, हे यजमानांना जरूर सांगा.) साध्या खानावळीत तळलेले चीज आणि बटाटे सहज मिळतात. बटाट्याच्या धिरड्यात बहुधा अंडे असते, तेव्हा विचारून घ्यावे. सोमवारी अनेक संग्रहालये बंद असतात, म्हणून तो दिवस भिंतीसाठी आणि बागांसाठी ठेवा. चलन युरो नसून कोरुना आहे. कागदी तिकीट घेतल्यास ट्राममधील किंवा मेट्रोच्या प्रवेशाजवळील यंत्रात त्यावर पहिल्या प्रवासाच्या वेळी शिक्का मारून घ्या; शिक्का नसलेले तिकीट तपासनीस ग्राह्य धरत नाहीत आणि दंड होतो.