नागअळीवरची परोपजीवी गांधीलमाशी: ती केवळ टोमॅटोवरच्या नागअळीवरच वाढत नाही

हेमिप्टार्सेनस व्हॅरिकॉर्निस ही गांधीलमाशी पानात नागमोडी रेषा पोखरणाऱ्या नागअळीच्या (एका लहान माशीच्या अळीच्या) मागोमाग अमेरिकेतून आली आणि केवळ टोमॅटोवरच आढळते, असे काही जण म्हणतात; ते मत मला पटत नाही. टोमॅटोवरची लिरिओमायझा ट्रायफोलाय ही नागअळी १९९०च्या सुमारास भारतात आली हे खरे. पण ही गांधीलमाशी आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियात पसरलेली असून ती वाटाणा-मोहरीवरील क्रोमॅटोमाया हॉर्टिकोला या आपल्याकडील जुन्या नागअळीवरही वाढते, त्यामुळे पाहुण्या अळीला इथे आयताच शत्रू मिळाला असावा.

गेल्या थंडीत कडोलीजवळच्या शेतातील वाटाण्याची पोखरलेली पाने मी बरणीत फडके बांधून ठेवली होती, तेव्हा त्यांतून नागअळीच्या माश्यांबरोबर दोन मिलिमीटरच्या हिरवट-काळ्या गांधीलमाश्याही निघाल्या; नरांच्या मिशा फांद्याफांद्यांच्या आणि माद्यांच्या मिशांची टोके पांढरी, ही या जातीची खूण. मादी पानाच्या आतल्या अळीला डंख मारून निश्चल करते व शेजारी अंडे घालते. पान उन्हात धरले की ही मरगळलेली, तपकिरी अळी लगेच दिसते. आमच्याकडे मात्र नागमोडी रेषा दिसताच फवारा मारतात, आणि त्यात आधी मरते ती ही गांधीलमाशीच.